विहिरीत उतरणारे नत्र : वाचकांचे प्रश्न

विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटबद्दल (नत्र म्हणजे नायट्रोजन, त्याचे पाण्यात विरघळणारे रूप) आलेल्या पत्रांतून वेगवेगळ्या भागांतली आणि वेगवेगळ्या पिकांची पत्रे निवडली आहेत. एकच गोष्ट विचारणारी पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : गावच्या जलसुरक्षकाने आमच्या विहिरीचे पाणी तपासायला दिले होते. अहवालात नायट्रेट ६८ आले आहे. पाणी नितळ आहे, चवीलाही गोड आहे. काळजी करण्यासारखे आहे का? (बुलढाणा जिल्हा)

उत्तर : आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाण्याचा जडपणा किंवा एकूण क्षार यांच्या बाबतीत दुसरा स्रोत नसेल तर मानक थोडी सूट देते. नायट्रेटला ती सूट नाही. नायट्रेटला रंग, वास, चव नसते, त्यामुळे पाणी गोड लागते यावरून काही कळत नाही. टीडीएस मीटरवरूनही कळत नाही. ते सगळे क्षार एकत्र मोजते, त्यातले नायट्रेट किती हे सांगत नाही.

मात्र ६८ हा आकडा धरून पुढे जाण्याआधी प्रयोगशाळेला विचारा, की तो ‘नायट्रेट’ म्हणून दिला आहे की ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून. दुसऱ्या प्रकारचा आकडा असेल तर त्याला ४.४३ ने गुणावे लागते, म्हणजे ६८ चे ३०१ होतात. आपल्याकडचे बहुतेक अहवाल पहिल्या पद्धतीचे असतात, पण विचारून घ्यावे.

नमुना पुन्हा द्या, आणि या वेळी नीट घ्या. मोटार दहा-पंधरा मिनिटे चालू द्या. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. बाटली दोन-तीन दिवस उन्हात किंवा गाडीच्या डिकीत राहिली तर पाण्यातले जिवाणू नायट्रेट कमी-जास्त करतात आणि येणारा आकडा तुमच्या विहिरीचा राहत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते. वर्षातून दोनदा करा, मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबरचा आकडा मेपेक्षा बराच वर गेला, तर पावसाच्या पाण्याबरोबर वरून नत्र उतरले आहे असे समजावे.

हा प्रश्न तुमच्या एकट्याच्या विहिरीचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक नमुने ४५ च्या वर होते. देशातल्या सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांत आपले सात आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ.

प्रश्न : पाणी उकळून, तुरटी फिरवून किंवा क्लोरीन टाकून चालेल का? घरात चार महिन्यांचे बाळ आहे.

उत्तर : चालणार नाही. उकळल्याने पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेट वाढते. तुरटी, क्लोरीन, मेणबत्तीचा फिल्टर, कोळशाचा फिल्टर, यूव्ही यांपैकी कशानेही ते निघत नाही. घरगुती पातळीवर आरओ उपयोगी पडतो. मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) चांगले असेल तर बहुतेक नायट्रेट अडते. पण मेम्ब्रेन जुने झाले की नायट्रेट आधी निसटू लागते आणि चवीत फरक पडत नाही. म्हणून आरओमधून निघालेल्या पाण्याचीही वर्षातून एकदा तपासणी करा. आरओचे वाया जाणारे पाणी विहिरीलगत सोडू नका. त्यात नायट्रेट मूळ पाण्याहून जास्त असते. ते परसातल्या झाडांना, भाजीला द्या.

बाळाच्या बाबतीत जराही ढिलाई नको. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असते. तिथे जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. ओठ, नखे, तळवे निळसर-राखाडी दिसू लागतात. विहिरीच्या पाण्यात दुधाची पावडर कालवून दिलेल्या बाळांमध्ये हा विकार १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात प्रथम नोंदवला गेला. बाळ फक्त आईच्या दुधावर असेल तर धोका फार कमी, कारण आईच्या पाण्यातले नायट्रेट दुधात फारसे उतरत नाही. वरचे दूध, पावडर किंवा घुटी द्यायची असेल तर ४५ च्या आतले, तपासलेलेच पाणी वापरा. बाळ निळसर दिसले तर लगेच रुग्णालयात न्या आणि घरी विहिरीचे पाणी वापरता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावर औषध आहे, पण डॉक्टरांना कारण लवकर कळले पाहिजे.

प्रश्न : युरिया टाकतो तो पीक घेते. मग तो ४० फूट खाली विहिरीत जातो कसा? (वर्धा जिल्हा)

उत्तर : युरिया ओल्या मातीत पडला की दोन ते पाच-सहा दिवसांत त्याचा अमोनियम होतो. अमोनियमवर धन भार असतो आणि मातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. पुढे जमिनीतले जिवाणू एक-दोन आठवड्यांत या अमोनियमचे नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असतो, त्याला माती धरत नाही. ते पाण्यात विरघळलेले राहते आणि पाणी जाईल तिकडे जाते. पीक ते मुळांच्या थरात असतानाच उचलते. पाणी मुळांच्या खाली गेले की नायट्रेटही गेले.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. नायट्रेट विहिरीत नेणारे वाहन पाणी आहे. खताची मात्रा बरोबर असूनही पाण्याची पाळी जास्त झाली तर नत्र खाली जाते. आम्हाला आलेल्या बहुतेक पत्रांत खताचा हिशोब पोत्यांत दिला आहे, पाण्याचा हिशोब मात्र एकानेही दिलेला नाही.

आणखी एक बाब. खत टाकून लगेच भरपूर पाणी सोडले, तर अमोनियम व्हायच्या आधीच अख्खा युरिया खाली जातो, कारण युरियावर कोणताच भार नसतो. २०१५ पासून देशात मिळणारा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग त्याने थोडा कमी होतो, पण पाण्याबरोबर वाहून जाणे थांबत नाही.

तुमच्या भागातल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात मोठ्या भेगा पडतात. जूनचा पहिला जोराचा पाऊस मातीत मुरत न बसता या भेगांतून सरळ खालच्या मुरमात जातो, आणि उन्हाळ्यात साठलेले नायट्रेट घेऊन जातो. मुरमाखाली फुटलेला काळा पाषाण असतो. त्याच्या फटींतून पाणी विहिरीच्या झऱ्यापर्यंत पोहोचायला काही आठवडे पुरतात. म्हणून मे महिन्यात खोल कुळवणी करून भेगा बुजवणे हे पाणी धरून ठेवण्यासाठी जितके उपयोगी आहे, तितकेच नायट्रेट रोखायलाही.

प्रश्न : आडसाली उसाला एकरी १४ पोती युरिया घालतो, शिवाय लागणीला आणि बांधणीला (बुडाला माती चढवताना) डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत). कारखान्याच्या शेतकी विभागाने युरिया कमी करा असे सांगितले. किती कमी करू? (अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद, १७० किलो पालाश अशी आहे, म्हणजे एकरी १६०, ६८, ६८ किलो. तुमची १४ पोती म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र धरून २९० किलो नत्र. डीएपी सोडूनही १३० किलो जास्त आहे. या जादा नत्राचा फक्त चौथा हिस्सा, म्हणजे ३२ किलो, नायट्रेट होऊन खाली गेला असे धरू. तेवढ्याने ३२ लाख लिटर शुद्ध पाणी ४५ च्या मर्यादेपर्यंत पोहोचते. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते अडीच लाख लिटर भरते. अशा तेरा विहिरी झाल्या, त्याही एका एकरामागे.

नत्र चार हप्त्यांत द्यायचे : लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. एकरी हे १६, ६४, १६ आणि ६४ किलो नत्र होते. स्फुरद आणि पालाश निम्मे लागणीला, निम्मे मोठ्या बांधणीला.

आता नेहमीची चूक. डीएपीत १८ टक्के नत्र असते, ते कोणी हिशोबात धरत नाही. ६८ किलो स्फुरद डीएपीतून द्यायचा तर १४८ किलो डीएपी लागतो आणि त्यातून जवळजवळ २७ किलो नत्र येते. निम्मा डीएपी लागणीला पडला की १३ किलो नत्र तिथेच भागले; वर युरिया ६–७ किलो पुरतो. दुसऱ्या हप्त्याला १३९ किलो, तिसऱ्याला ३५ किलो, मोठ्या बांधणीला उरलेल्या डीएपीबरोबर १११ किलो युरिया. एकूण २९२ किलो, म्हणजे साडेसहा पोती. म्हणजे तुमची निम्मी पोती वाचतात. माती परीक्षणात उपलब्ध नत्र हेक्टरी ५६० किलोंच्या वर आले तर यातूनही कमी करता येते. मोठ्या बांधणीनंतर नत्र देऊ नका. ऊस हिरवा राहतो, लोळतो, साखर उतारा घटतो आणि न वापरलेले नत्र तोडणीनंतर जमिनीत उरते.

खत देण्याची रीतही बदला. सरीत युरिया फेकून वरून पाट सोडला, तर निम्मा फायदा पाण्याबरोबर जातो. आधी पाणी द्या, वाफसा (जमिनीत काम करण्याजोगा ओलावा) येऊ द्या, मग पहारीने बुडख्यापासून १० ते १५ सेंटीमीटरवर, १० ते १५ सेंटीमीटर खोल भोके घ्या, दोन भोकांत सुमारे ३० सेंटीमीटर अंतर ठेवा, खत टाकून मातीने झाका. मजुरी वाढते हे खरे, पण सात पोत्यांचे पैसे त्यात वळवता येतात. खतानंतरची पाळी हलकी द्या. रात्री वीज येते म्हणून मोटार लावून झोपले आणि सकाळपर्यंत सरी तुडुंब भरून वाहिली, की त्या पाळीच्या आधी दिलेले नत्र मुळांच्या खाली गेलेच. सरी लांब असेल तर वरच्या टोकाला पाणी तासन्‌तास मुरत राहते आणि गळती तिथेच सर्वांत जास्त होते. लांब सरी मधोमध तोडून दोन भागांत पाणी द्या.

खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटलेल्या पिकात) पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळू नका. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून ते सरीत ठेवा. कुजताना जिवाणू मोकळे नत्र स्वतःत बांधून घेतात आणि पुढे हळूहळू सोडतात. पावसाळ्याच्या तोंडावर हे फार कामाचे असते.

प्रश्न : विहिरीच्या पाण्यात नायट्रेट ९० आहे. हेच पाणी कांद्याला देतो. या नत्राचा पिकाला उपयोग होतो का? (नाशिक जिल्हा)

उत्तर : होतो, आणि तो हिशोबात धरला पाहिजे. नायट्रेटचा आकडा ४.४३ ने भागला की लिटरमागे नत्र किती मिलिग्रॅम ते मिळते. त्याला दिलेल्या पाण्याच्या लाख लिटरांनी गुणून दहाने भागा, की किलो मिळतात. एका एकरावर पाच सेंटीमीटरची पाळी म्हणजे दोन लाख लिटर पाणी. ९० भागिले ४.४३ म्हणजे २०.३, गुणिले दोन, भागिले दहा, म्हणजे एका पाळीला साधारण चार किलो नत्र. दहा पाळ्यांत ४० किलो. रब्बी कांद्याची शिफारसच हेक्टरी १०० किलो, म्हणजे एकरी ४० किलो नत्राची आहे. तुमची विहीर कांद्याला पुरेल एवढे नत्र फुकट देते आहे आणि तुम्ही वर पोते फोडता आहात.

सगळे नत्र मात्र हिशोबात धरू नका. पाळीतले काही पाणी खाली जाते, काही वेळा पिकाला नत्र नको असते तेव्हाही पाणी द्यावे लागते. निम्मे धरा. मग ४० पैकी २० किलो पाण्यातून आले, उरलेले २० खतातून द्यायचे : लागणीला १०, तिसाव्या दिवशी ५, पंचेचाळिसाव्या दिवशी ५. रंग, वाढ पाहून दुसऱ्या वर्षी मात्रा आणखी बसवता येते. असे केले की पंप हेच शुद्धीकरणाचे यंत्र होते. जमिनीतले नायट्रेट वर येऊन पिकात जाते. मोठ्या क्षेत्रावर भूजल स्वच्छ करण्याचा याहून स्वस्त उपाय शेतकऱ्याच्या हातात नाही.

कांद्यात एक अडचण आहे. साठ दिवसांनंतर नत्र मिळत राहिले तर मान जाड राहते, कांदा नीट पिकत नाही आणि कांदाचाळीत सडतो. पाण्यातले नत्र बंद करता येत नाही. म्हणून दुसरा स्रोत (कालवा, शेततळे) असेल तर शेवटच्या तीन-चार पाळ्या त्याच्या द्या आणि विहिरीचे पाणी पिकाच्या पहिल्या वाढीत वापरा. द्राक्षातही मणी पक्व होताना हेच लागू होते. कांद्याची मुळे वरच्या १५–२० सेंटीमीटरमध्येच असतात. पाच सेंटीमीटरहून मोठी पाळी त्याला कधीच नको.

प्रश्न : केळी ठिबकवर आहे, खत व्हेंच्युरीतून (ड्रममधले खत ओढून पाण्यात सोडणारे उपकरण) जाते. तरीही विहिरीत नायट्रेट वाढले. असे का? (जळगाव जिल्हा)

उत्तर : तीन शक्यता आहेत आणि तिन्ही एकाच शेतात सापडू शकतात.

पहिली, मात्रा. केळीला झाडाला २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. दीड बाय दीड मीटरवर एकरी १,७७८ झाडे, म्हणजे ३५५ किलो नत्र. फार थोडी पिके एवढे घेतात. ठिबकमधून दिल्यास ७५ टक्के मात्रा पुरते. हजार झाडांना आठवड्याला युरिया असा द्या : १ ते १६ आठवडे साडेचार किलो, १७ ते २८ आठवडे साडेतेरा किलो, २९ ते ४० आठवडे साडेपाच किलो, त्यानंतर नाही. पहिल्या सोळा आठवड्यांत त्याच्यासोबत दर आठवड्याला साडेसहा किलो १२:६१:० (नत्र-स्फुरदाचे विद्राव्य खत) जाते, त्यातले नत्र धरून झाडाला १५० ग्रॅम होते. ठिबक बसवल्यावरही जुन्या सवयीने बुडाशी युरियाची मूठ टाकत असाल तर ती आधी थांबवा.

दुसरी, वेळ. अनेक जण मोटार सुरू होताच खत सोडतात आणि नंतर दीड-दोन तास नुसते पाणी चालते. ते पाणी खताला ढकलत मुळांखाली नेते. उलट करा. दोन तास पाणी द्यायचे असेल तर पहिला तास नुसते पाणी, मग अर्धा-पाऊण तास खत, शेवटची वीस मिनिटे लॅटरल (ठिबकच्या नळ्या) धुण्यापुरते पाणी. दुसऱ्या दिवशी ड्रिपरखाली लोखंडी गज दाबून पाहा. ओल्या मातीत तो सहज जातो, कोरड्यात अडतो. केळीची बहुतेक मुळे वरच्या ३०–४५ सेंटीमीटरमध्ये असतात. गज ९० सेंटीमीटर सहज गेला तर पाणी जास्त होते आहे.

तिसरी सर्वांत घातक, आणि लक्षातही येत नाही. वीज गेली की मुख्य वाहिनीतले पाणी उलटे विहिरीकडे धावते. पंप आणि व्हेंच्युरी यांच्यामध्ये एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) नसेल, किंवा त्याचे रबर खराब झाले असेल आणि फूटव्हॉल्व्हही (विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह) गळत असेल, तर ते पाणी ड्रममधले खत ओढून थेट विहिरीत नेते. एका ड्रममध्ये २५ किलो युरिया असला तरी एका फेरीत साडेअकरा किलो नत्र विहिरीच्या पोटात. तपासायची रीत सोपी आहे. ड्रममध्ये साधे पाणी भरा, पातळीवर खडूने खूण करा, मोटार चालू असताना मधेच बंद करा आणि व्हेंच्युरीची नळी पाण्यात तशीच राहू द्या. दहा मिनिटांत पातळी खाली गेली तर उलटा प्रवाह आहे. एनआरव्ही बदला, त्याच्या पुढे वाहिनीच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवा, आणि ओढनळीवर लहान कॉक लावून खत संपताच तो बंद करायची सवय लावा. ड्रम विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवू नका. सांडलेले खत पावसाच्या पहिल्या सरीबरोबर आत जाते.

प्रश्न : आम्ही रासायनिक खत वापरतच नाही. तरी नायट्रेट ५५ कसे?

उत्तर : शेणखतातले नत्र कुजून शेवटी नायट्रेटच होते, आणि जमीन त्याचे मूळ विचारत नाही. दहा टन शेणखतात साधारण ५० किलो नत्र असते, पण ते दोन-तीन वर्षांत हळूहळू सुटते, म्हणून त्याचा धोका कमी. कोंबडीखताचे तसे नाही. त्यात दोन ते तीन टक्के नत्र असते आणि ते भराभर सुटते. तीन टनांची ट्रॉली मे महिन्यात मोकळ्या रानात पसरली, तर ६० ते ९० किलो नत्र पिकाशिवाय पहिल्या पावसाची वाट पाहत पडून राहते. ते पेरणीच्या तोंडावर, मातीत मिसळून द्या. ताग-धैंचा हिरवळीचे खत म्हणून गाडला असेल तर दोन-तीन आठवड्यांत पुढचे पीक रानात हवे.

तुमच्या बाबतीत मात्र आधी विहिरीभोवती चक्कर मारा. त्याच नमुन्यात क्लोराइड आणि कोलिफॉर्म (मलमूत्राचा संसर्ग दाखवणारे) जिवाणू तपासून घ्या. नायट्रेटबरोबर हे दोन्ही वाढलेले असतील तर कारण बहुधा गोठा, उकिरडा किंवा संडासाचा शोषखड्डा आहे. एकटे नायट्रेट वाढले असेल तर शेतातले खत. उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटरवर हवेत, आणि मुरमाड किंवा उघड्या खडकाच्या रानात ३० मीटरवर, तेही उताराच्या खालच्या बाजूला. उकिरड्याचा तळ ठोकलेल्या चिकणमातीचा किंवा फरशीचा करा, पावसाळ्यात वरून ताडपत्री टाका. गोठ्यातले मूत्र पन्हळीने टाकीत घ्या, उघड्यावर मुरू देऊ नका. विहिरीला कठडा आणि भोवती बाहेरच्या उताराचा ओटा हवा. बंद पडलेली बोअर उघडी असेल तर तिच्यात वरचे घाण पाणी सरळ भूजलात जाते. तिला झाकण लावून केसिंगभोवती सिमेंट भरा.

प्रश्न : विहीर पुनर्भरण केले तर नायट्रेट उतरेल का?

उत्तर : कोणते पाणी आत सोडता त्यावर. छपराचे किंवा ओढ्याचे पाणी असेल तर विहिरीतले नायट्रेट विरळ होऊन आकडा उतरतो. नुकतेच खत दिलेल्या शेतातले वाहते पाणी मात्र कधीही घेऊ नका. दगड, खडी, वाळूचे थर गाळ आणि कचरा अडवतात. विरघळलेले नायट्रेट त्यातून तसेच जाते. खतानंतरचा आठवडाभर आणि पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी बाहेर वळवायला पाइपावर व्हॉल्व्ह ठेवा.

प्रश्न : सोयाबीन काढल्यावर रान मोकळे राहते. त्यात नत्र उरते का? (नांदेड जिल्हा)

उत्तर : उरते. सोयाबीनच्या गाठी आणि पाला कुजून सुटलेले नत्र परतीच्या पावसाने खाली जाऊ शकते. हरभरा किंवा रब्बी ज्वारी लगेच पेरा. ज्वारीची मुळे मीटरभराहून खोल जातात आणि खाली सरकलेले नायट्रेट परत वर आणतात. कांदा, बटाटा, भाजीपाला अशा उथळ मुळांच्या, भरपूर खताच्या पिकानंतर तर चाऱ्याची मका किंवा बाजरी बिनखताची घ्यावीच.

प्रश्न : कोकणात भातखाचरे पाण्याखालीच असतात. आमच्याकडे हा प्रश्न आहे का?

उत्तर : घाटावरच्या मानाने कमी. पाणी साचलेल्या चिखलात प्राणवायू नसतो, त्यामुळे नायट्रेट तयारच कमी होते आणि झालेल्याचा वायू होऊन उडून जातो. पण फेकलेला युरिया पावसाने ओढ्यात जातो, आणि जांभ्यावरच्या भाजीच्या वाफ्यांतून पाणी फार वेगाने झिरपते. भाताला युरिया-डीएपीच्या गोळ्या वापरा. चारसूत्री (भात लागवडीच्या) पद्धतीत १५-२५ सेंटीमीटरच्या जोडओळीत चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या) मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंटीमीटर खोल, लावणीच्या दिवशीच खोचतात. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो. त्यातून साधारण ५९ किलो नत्र मिळते. गोळी वर राहिली तर फायदा नाही, ती बोटाने चिखलात दाबली गेली पाहिजे.

प्रश्न : युरोपात शेतकऱ्यांवर कायद्याचे बंधन आहे म्हणतात. आपल्याकडे का नाही?

उत्तर : युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये नायट्रेटविषयक निर्देश काढला. भूजलात ५० मिलिग्रॅमची मर्यादा धरून संवेदनशील भाग ठरवायचे आणि तिथे जनावरांच्या खतातून वर्षाला हेक्टरी १७० किलोंहून जास्त नत्र द्यायचे नाही, ठरावीक महिन्यांत खत पसरायचेच नाही, असे नियम त्यात आहेत. आपल्याकडे शेतकऱ्याने किती नत्र टाकावे यावर कायदेशीर मर्यादा नाही, आणि किंमतही उलट दिशेने ढकलते. २०१० पासून स्फुरद-पालाशयुक्त खतांना ठरावीक अनुदान देऊन त्यांच्या किमती मोकळ्या केल्या, युरिया मात्र नियंत्रितच राहिला. ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते. एवढ्या स्वस्त वस्तूचा हिशोब कोणी ठेवत नाही. आमच्या मते लहान शेतकऱ्यावर दंडाचा कायदा आणण्याआधी हे असंतुलन दुरुस्त व्हायला हवे. ग्रामसभेला आजही करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे नळपाणी योजनेचे पाणी जिथून येते त्या उद्भव विहिरीभोवतीच्या शेतकऱ्यांशी खत आणि पाळीबद्दल ठरवून घेणे. त्या दहा-बारा शेतांवर गावाचे पिण्याचे पाणी अवलंबून असते.

प्रश्न : माणसांसाठी टँकर येतो. जनावरे त्याच विहिरीचे पाणी पितात, नायट्रेट १५० आहे. चालेल का? (बीड जिल्हा)

उत्तर : मोठ्या जनावरांना सुमारे १३० पर्यंतचे पाणी चांगल्या चाऱ्याबरोबर सहसा बाधत नाही. त्यापुढे २२० पर्यंत दीर्घकाळ दिल्यास त्रास होऊ शकतो, आणि त्याच्याही वर धोका वाढत जातो. तुमचा आकडा मधल्या पट्ट्यात आहे, म्हणून चाऱ्याकडे पाहावे लागेल. पाणी आणि चारा दोन्हींतले नायट्रेट पोटात एकत्र होते. भरपूर युरिया दिलेली आणि मग पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी, मका किंवा बाजरी खोडाच्या खालच्या भागात नायट्रेट साठवते. ज्वारीत तर त्याच ताणात हायड्रोसायनिक (सायनाइड) विषही असते. असा चारा या पाण्याबरोबर देऊ नका. ताण पडलेले पीक कापायचेच असेल तर बुडापासून वीतभर वर कापा. चारा वाळवल्याने सायनाइड कमी होते, पण नायट्रेट तसेच राहते. मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) केल्यास नायट्रेट बऱ्यापैकी उतरते. उपाशी जनावर या चाऱ्यावर सोडू नका, आधी कडबा द्या. जनावर धापा टाकू लागले, डोळ्यांच्या आणि तोंडाच्या आतली त्वचा तपकिरी-निळसर दिसली, झोकांड्या जाऊ लागल्या, तर पळवू नका. सावलीत बांधून पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा आणि पाण्याचा अहवाल त्यांच्या हातात द्या.